वाफ जाते, पाणी अडतं: मोठ्यांच्या वॉटरप्रूफ पँटमागचं विज्ञान

‘ज्यातून हवा खेळते त्यातून लघवी गळणारच, आणि जी गळत नाही तिच्यात त्वचा उकडून निघणारच.’ मोठ्या माणसासाठी डायपरवरून घालायची वॉटरप्रूफ पँट घ्यायची वेळ आली की हे वाक्य हमखास ऐकू येतं. मग कुणी जाड प्लॅस्टिकची घेतं आणि मांड्या लाल झाल्या म्हणून ती बाजूला टाकतं. कुणी महागातली ‘ब्रीदेबल’ घेतं आणि सकाळी चादर ओली निघाली की फसवलो गेलो म्हणतं. दोन्ही वेळा दोष बहुतेक भलत्याच गोष्टीला लागतो. गळती कुठून होते आणि वाफ कशी जाते, या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत. ती नीट कळली तर पँट निवडणं बरंच सोपं होतं.

वाफेपासून सुरुवात करू. पाणी अडवणाऱ्या पातळ थराला आपण पडदा म्हणू. काही पडद्यांमध्ये डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म छिद्रं असतात. तयार डायपरच्या बाहेरच्या ‘ब्रीदेबल’ थरात पॉलिथिनमध्ये चक्क खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट मिसळतात आणि तो थर ताणतात. खडूच्या प्रत्येक कणाभोवती प्लॅस्टिक सुटतं आणि छिद्र पडतं. जाहिरातींत सांगतात, ‘पाण्याचा थेंब छिद्रापेक्षा हजारो पट मोठा, म्हणून तो अडतो.’ हे स्पष्टीकरण पुरेसं नाही. थेंब काही कडक गोटी नव्हे, तो आकार बदलून शिरू शकतो. पाण्याचा रेणू साधारण ०.२८ नॅनोमीटर रुंद आणि छिद्र समजा १ मायक्रोमीटरचं, म्हणजे रेणूच्या साडेतीन हजार पट मोठं. वाफेतला रेणू तोच आणि द्रवातलाही तोच. मग एक जातो आणि दुसरा का थांबतो?

याचं उत्तर पृष्ठताणात आहे, आणि मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. वाफेतले रेणू सुटे असतात. द्रवातले रेणू एकमेकांना धरून असतात, त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग कायम आक्रसून राहायला बघतो. छिद्राच्या भिंतीला पाणी चिकटत नसेल, तर छिद्राच्या तोंडाशी पाणी फुगवटा धरून थांबतं आणि त्याला आत ढकलायला दाब लागतो. हा दाब काढायचं सूत्र शाळेच्या गणिताला झेपेल असं आहे: चार गुणिले पृष्ठताण, गुणिले स्पर्शकोनाची कोसाइन, भागिले छिद्राचा व्यास. स्वच्छ पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सिअसला मीटरमागे ०.०७२ न्यूटन असतो. स्पर्शकोन, म्हणजे थेंब भिंतीला टेकतो तिथला कोन, ११० अंश धरला तर चिन्ह सोडून कोसाइन ०.३४ येते. व्यास १ मायक्रोमीटर धरून गणित केलं तर उत्तर सुमारे ९८,००० पास्कल. हा जवळजवळ एक वातावरणदाब झाला, म्हणजे १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब!

आता ६० किलो वजनाचा माणूस खुर्चीत बसला आहे आणि त्याचा भार सुमारे ०.१ चौरस मीटरवर पडतो आहे असं समजा. सरासरी दाब येतो ६,००० पास्कलच्या आसपास. बसण्याच्या हाडांखाली तो काही पट जास्त असेल, तरीही सूक्ष्म छिद्रांचा पडदा सहज टिकतो. म्हणजे धड असलेल्या पडद्यातून लघवी गळत नाही.

पण सूत्रात व्यास भागाकारात आहे, हे विसरू नका. शिवणयंत्राच्या सुईचं भोक अर्ध्या मिलिमीटरचं धरलं तर ते आपल्या छिद्राच्या ५०० पट मोठं. तिथे प्रतिकार उरतो जेमतेम २०० पास्कल, म्हणजे २ सेंटिमीटर पाण्याइतका. माणूस नुसता कुशीवर वळला तरी तो दाब ओलांडला जातो. भोकातला दोरा सुती असला तर दाबाचीही गरज नाही, केशाकर्षणाने दोराच ओल बाहेर ओढून आणतो. म्हणून पँट हातात घेतल्यावर कापडाआधी शिवण बघा. दोन पायांच्या मधल्या भागात शिवण नसेल तर उत्तम. असलीच तर ती उष्णतेने जोडलेली किंवा आतून पट्टी चिकटवून बंद केलेली हवी. साध्या प्लॅस्टिकच्या पँटचे जोड बहुधा वितळवून केलेले असतात, त्यांत सुईची भोकंच नसतात. गळती रोखण्यात त्या वरचढ ठरतात त्याचं हे एक मोठं कारण.

सूत्रातल्या उरलेल्या दोन राशी बिघडवण्याचं काम आपणच घरी करतो. साबण पाण्याचा पृष्ठताण निम्म्याखाली आणू शकतो आणि स्पर्शकोनही कमी करतो. तो कोन ९० अंशांच्या खाली घसरला की कोसाइनचं चिन्ह उलटतं, आणि पाण्याला अडवणारं छिद्र पाणी ओढून घेऊ लागतं. कापड मऊ करणाऱ्या द्रावणाचा थरही असाच नडतो. म्हणून सूक्ष्म छिद्रांची पँट मोजक्या साबणात धुवावी, भरपूर साध्या पाण्यातून काढावी आणि सॉफ्टनर अजिबात वापरू नये.

धुऊन वापरायच्या पँटमध्ये ज्याला पीयूएल म्हणतात त्यात पॉलिएस्टर कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ पडदा चिकटवलेला असतो. काही पडद्यांना तर छिद्रंच नसतात. पाण्याचा रेणू पडद्याच्या जलस्नेही साखळ्यांत विरघळतो, एका जागेवरून दुसरीकडे उड्या मारत सरकतो आणि पलीकडून वाफ होऊन बाहेर पडतो. हा प्रवास चालतो तो आत आर्द्रता जास्त आणि बाहेर कमी असेल तोवरच. बाहेरची हवा दमट असली, वर जाड पांघरूण असलं किंवा खाली रबरी चादर असली, की तो मंदावतो.

एवढं ऐकून कुणी लगेच महागडी ‘ब्रीदेबल’ पँट घेईल, म्हणून दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पहिली, थरांचा विरोध एकमेकांत मिळत जातो. आतल्या तयार डायपरचा बाहेरचा थर साध्या बंद प्लॅस्टिकचा असेल, तर वरची पँट कितीही उत्तम असून उपयोग नाही. घराचं आतलं दार बंद असताना बाहेरचं उघडं ठेवून वारा येत नाही. कापडी डायपर असेल तर मात्र फरक नक्की जाणवतो. दुसरी गोष्ट प्रमाणाची. प्रयोगशाळेत एखाद्या कापडातून चौरस मीटरमागे दिवसाला २,००० ग्रॅम वाफ जाते असं समजू. पँटचं क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर धरलं तर आठ तासांत सुमारे १३० ग्रॅम वाफ जाईल, तीही आदर्श परिस्थितीत. मूत्राशय एका वेळी ३०० ते ४०० मिलिलिटर सहज रिकामं करतं. तेव्हा अशी पँट डायपर वाळवत नाही, ती फक्त घामाची वाफ थोडी मोकळी करते. त्वचा कोरडी ठेवायचं खरं काम डायपरमधलं शोषक द्रव्य आणि तो वेळेवर बदलणारे हात करतात. वास येणार नाही म्हणत ‘चांदीचे आयन’, ‘बांबू कोळसा’ अशी लेबलं लावून जास्त पैसे मागणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. जिवाणू लघवीतल्या युरियाचं विघटन करतात आणि त्यातून अमोनिया तयार होतो, तिखट वास त्याचा. या विघटनाला तेवढा वेळच न देणं हा साधा उपाय आहे. हाच अमोनिया त्वचेची नैसर्गिक आम्लता घालवतो. शौचही झालं असेल तर त्यातली विकरं अशा वेळी जास्त जोराने त्वचेला झोंबतात.

साध्या प्लॅस्टिकच्या पँट बहुधा पीव्हीसीच्या असतात. मुळात पीव्हीसी कडक असतं. ते मऊ करण्याची युक्ती अमेरिकेतल्या वॉल्डो सेमन यांना १९२६ साली सापडली. त्यासाठी घातलेलं प्लास्टिसायझर साखळ्यांच्या मध्ये नुसतं बसलेलं असतं, रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं. म्हणून उष्णतेने, तेलाने आणि पेट्रोलियम जेलीने ते हळूहळू निघून जातं, पँट कडक होते आणि घडीवर चिरते. ती गरम पाण्यात धुऊ नका, हीटरवर वाळवू नका, आणि त्वचेला मलम लावलं असेल तर ते काठाला लागू देऊ नका. मऊपणासाठी वापरलेल्या काही थॅलेटांबद्दल आरोग्याच्या शंका आहेत, त्यामुळे ‘थॅलेटमुक्त’ लिहिलेली पँट घेणं शहाणपणाचं. रबरी पँट तेलाने आणखी लवकर खराब होते, शिवाय लेटेक्सची ॲलर्जी असणाऱ्याला ती चालतच नाही.

इतकं सगळं साधूनही चादर ओली होते ती बहुतेक वेळा मांडीपाशी. डायपरची कड पँटच्या काठाबाहेर बोटभर जरी डोकावत असली, तरी तिथून ओल थेट कपड्यांत चढते. पँट डायपरला सगळीकडून झाकणारी हवी, म्हणून माप डायपर घातलेल्या अवस्थेत घ्या: कंबर, मांडीचा घेर आणि पुढून मागपर्यंतची उंची. इलॅस्टिक घट्ट आवळल्याने गळती थांबत नाही, फक्त वळ उठतात. काठ त्वचेला सगळीकडे सारखा टेकलेला असला की पुरे. अंथरुणावर असलेल्या माणसासाठी बाजूला टिचबटणं असलेली पँट घ्या, म्हणजे पाय उचलून ती ओढावी लागत नाही. सुरक्षापिनांऐवजी बटणांची कल्पना मॅरियन डोनोव्हन यांनी बाळांच्या लंगोटावरच्या आवरणात वापरली. न्हाणीघराच्या पडद्यापासून सुरुवात करून त्या पॅराशूटच्या नायलॉनपर्यंत गेल्या आणि १९५१ साली त्यांना पेटंट मिळालं.

‘वय झालं की हे चालायचंच’ म्हणून गप्प बसू नका. लघवीवरचा ताबा जाण्याची कित्येक कारणं उपचारांनी सुधारतात. पाणी कमी प्यायल्याने लघवी दाट होते आणि मूत्राशय आणखी चिडतं.

घरची पँट गळते आहे अशी शंका असेल तर पडद्याची बाजू आत ठेवून तिची झोळी करा, कपभर पाणी ओता, बाहेरून टिश्यू पेपर गुंडाळा आणि तळहाताने मिनिटभर दाबा. ओल रेघेसारखी आली तर शिवण गेली आहे. मधोमध ठिगळासारखी आली तर पडदा कापडापासून सुटला आहे किंवा चिरला आहे, ती पँट बदला. सगळीकडे पुसट ओलावा आला तर आधी ती दोन-तीनदा साध्या पाण्यातून काढा, वाळवा आणि पुन्हा तपासा.