व्हॉल्यूम बॅकअपची यादी (ओपनस्टॅक)

'ओपनस्टॅक व्हॉल्यूम बॅकअप लिस्ट' ही ओपनस्टॅक या मुक्तस्रोत क्लाउड प्रणालीतील कमांड. व्हॉल्यूमचे, म्हणजे आभासी मशीनला जोडल्या जाणाऱ्या डिस्कचे, कोणते बॅकअप घेतलेले आहेत आणि ते कोणत्या स्थितीत आहेत, हे ती टर्मिनलवर तक्त्याच्या रूपात दाखवते. ओपनस्टॅकची सुरुवात २०१० मध्ये रॅकस्पेस ही कंपनी आणि नासा यांनी मिळून केली. व्हॉल्यूमचे काम आधी आभासी मशीन चालवणाऱ्या नोव्हा या सेवेतच होत असे. २०१२ च्या फॉल्सम आवृत्तीत ते सिंडर या स्वतंत्र सेवेकडे आले. जुन्या लिखाणात याच कामासाठी 'सिंडर बॅकअप-लिस्ट' ही कमांड आढळते.

तक्त्यात ओळख-क्रमांक, नाव, वर्णन, स्थिती आणि आकार हे मुख्य रकाने असतात. नाव देणे सक्तीचे नाही आणि एकच नाव अनेक बॅकअपना चालते. त्यामुळे काही पुसायचे किंवा परत आणायचे असेल, तर ओळख-क्रमांकच वापरावा. आकाराचा रकाना नवख्याला हमखास चकवतो. तिथे दिसतो तो मूळ व्हॉल्यूमचा आकार, बॅकअपने प्रत्यक्ष व्यापलेली जागा नव्हे. १०० जीबीच्या व्हॉल्यूमचा वाढीव बॅकअप, म्हणजे आधीच्या बॅकअपनंतर बदललेला भागच साठवणारा, यादीत १०० जीबीचाच दिसतो. जागेचा कोटाही, म्हणजे ठरवून दिलेली मर्यादाही, याच आकड्यावर मोजली जाते. मूळ मांडणीत प्रत्येक प्रकल्पाला, म्हणजे क्लाउडमधल्या वापरकर्त्यांच्या स्वतंत्र गटाला, १० बॅकअप आणि १००० जीबी एवढीच मुभा असते, म्हणून जुने काय काढता येईल हे पाहायलाही ही यादी लागते. मात्र ज्यावर पुढचे वाढीव बॅकअप अवलंबून आहेत, तो बॅकअप सिंडर पुसू देत नाही.

स्थितीच्या रकान्यात 'क्रिएटिंग', 'अव्हेलेबल', 'रिस्टोअरिंग', 'एरर' असे शब्द येतात. 'अव्हेलेबल'चा अर्थ बॅकअप घेण्याचे काम तक्रारीविना पूर्ण झाले, इतकाच. तो खरोखर परत आणता येतो की नाही, हे एकदा वेगळ्या व्हॉल्यूमवर उतरवून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि ही खातरजमा टाळू नये.

यादी नाव, स्थिती किंवा व्हॉल्यूम यांनुसार गाळता येते. 'लाँग' हा पर्याय जोडला की मूळ व्हॉल्यूमचा क्रमांक आणि बॅकअप ज्या कंटेनरात, म्हणजे साठवणीतल्या कप्प्यात, ठेवला आहे त्याचे नावही दिसते. एरवी फक्त चालू प्रकल्पातले बॅकअप दिसतात. सगळ्या प्रकल्पांचे पाहण्याचा अधिकार प्रशासकाला असतो. स्क्रिप्टसाठी हाच तक्ता जेसन या प्रोग्रॅमला सहज वाचता येणाऱ्या स्वरूपात मागवता येतो. स्नॅपशॉट, म्हणजे व्हॉल्यूमची त्या-त्या क्षणाची टिपलेली स्थिती, या यादीत येत नाहीत, त्यांची कमांड निराळी आहे. स्नॅपशॉट सहसा मूळ व्हॉल्यूमच्याच साठवणयंत्रणेत राहतो, ती बिघडली तर तोही जातो. बॅकअप मात्र स्विफ्ट (ओपनस्टॅकचीच साठवणसेवा), सेफ, एनएफएस यांसारख्या दुसऱ्या साठवणयंत्रणेत ठेवता येतो आणि मूळ व्हॉल्यूम पुसले तरी टिकतो.

यादी वाचताना सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की ती साठवणीत डोकावून तयार होत नाही. सिंडरच्या डेटाबेसात ज्या नोंदी आहेत, त्याच समोर येतात. गोदाम वेगळे आणि त्याची नोंदवही वेगळी, तसाच हा प्रकार. स्विफ्टमधला कंटेनर कोणी परस्पर पुसला, तरी यादीत बॅकअप 'अव्हेलेबल'च दिसत राहतो. उलट डेटाबेसच गेला, तर स्विफ्टमध्ये सगळे तुकडे शाबूत असूनही यादी रिकामी येते आणि ते तुकडे जुळवायचे कसे हे सिंडरला कळत नाही. म्हणून 'बॅकअप रेकॉर्ड एक्स्पोर्ट' या कमांडने प्रत्येक बॅकअपची नोंद बाहेर काढून ती क्लाउडच्या बाहेर, सुरक्षित जागी ठेवतात. हे काम मूळ मांडणीत प्रशासकाच्या हाती असते. वाढीव बॅकअप असतील तर त्यांच्या साखळीतील प्रत्येक बॅकअपची नोंद लागते, अगदी पहिल्या पूर्ण बॅकअपपासून. नवा डेटाबेस उभा राहिल्यावर 'इम्पोर्ट'ने त्या नोंदी आत घेतल्या की बॅकअप पुन्हा यादीत दिसू लागतात.