क्रश सँड धुण्याचा प्लांट: क्रशरची संमती असूनही अर्ज परत का येतो?

खाणपट्टा आहे, क्रशर चालू आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संचालन संमतीही (प्लांट चालवण्याची परवानगी) हातात आहे. मग त्याच आवारात क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, धुण्याचं मशीन बसवायला पुन्हा परवानगी कशाला? हा प्रश्न मला बहुतेक जण मशीनची आगाऊ रक्कम भरून झाल्यावर विचारतात, म्हणून आधीच सांगतो. कोरड्या क्रशरची संमती धूळ डोळ्यांसमोर ठेवून दिलेली असते. धुण्याच्या प्लांटमुळे पाणी आणि गाळ येतो. जुन्या संमतीपत्रात औद्योगिक सांडपाण्यापुढे 'शून्य' लिहिलं असेल, तर ती संमती या कामाला पुरत नाही.

वाळू धुण्याची गरज मात्र खरी आहे. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या खाणीत मधेच लाल मातीचा किंवा कुजलेल्या दगडाचा थर लागतो आणि ती माती थेट वाळूत उतरते. आयएस ३८३ या २०१६ च्या मानकात क्रश सँडमध्ये ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण जास्तीत जास्त १५ टक्के चालतात. त्याच्या वर गेलात की काँक्रीट प्लांटवाले माल परत पाठवतात.

पहिला अर्ज स्थापना संमतीचा, म्हणजे प्लांट उभारण्याच्या परवानगीचा, मंडळाच्या ऑनलाइन प्रणालीवर. १९७४ च्या जल कायद्याचं कलम २५ नुसतं प्लांट चालवण्याबद्दल बोलत नाही, स्थापनेच्या दिशेने कोणतंही पाऊल उचलण्याआधी संमती घ्या असं सांगतं. त्यामुळे फाउंडेशनचा खड्डाही आधी खणू नका. पाहणीच्या फोटोत तो दिसतो आणि मग अर्ज बाजूला राहून नोटिशीला उत्तरं देण्यात महिने जातात.

सातबारा, ८अ, खाणपट्ट्याचा करारनामा, पर्यावरण मंजुरी, मोजणीचा नकाशा हे कागद बहुतेकांकडे असतात. सातबाऱ्यावर भाऊ-बहिणींची नावं असतील तर सगळ्यांचं संमतीपत्र घ्या. सीएच्या दाखल्यात मात्र चुका होतात. संमतीचं शुल्क एकूण भांडवली गुंतवणुकीवर ठरतं, घसारा वजा न करता. वजा केलेला आकडा दिलात की त्रुटी निघते.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते पाण्याच्या स्रोताच्या कागदावर. लोक ग्रामपंचायतीचा ठराव जोडतात. ठराव गावाची हरकत नाही एवढंच सांगतो, नदीचं किंवा धरणाचं पाणी देण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. त्यासाठी जलसंपदा विभागाची परवानगी लागते. बोअर किंवा विहीर असेल तर केंद्रीय भूजल प्राधिकरण आलं. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसाला १० घनमीटरपेक्षा कमी भूजल उपसणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना सूट आहे, पण त्या सुटीत तुम्ही बसता हे कागदावर दाखवावं लागतं. खाणीच्या खड्ड्यातलं पावसाचं पाणी वापरणार असाल तर ते कुठल्या महिन्यापर्यंत पुरतं आणि त्यानंतर काय, हे स्पष्ट लिहा. ते न लिहिल्यामुळे परत आलेले अर्ज मी पाहिले आहेत.

इथेच दुसरी चूक होते. पंप तासाला १०० घनमीटर पाणी फिरवतो आणि प्लांट आठ तास चालणार, म्हणून अर्जात रोजची गरज ८०० घनमीटर लिहिली जाते. एवढं पाणी कोण देणार? खरं तर तेच पाणी पुन:पुन्हा फिरतं. नवं पाणी लागतं ते ओल्या वाळूसोबत आणि गाळासोबत गेलेलं आणि उन्हात उडालेलं, तेवढंच. फिरणारं पाणी आणि ताजं पाणी अर्जात वेगवेगळं दाखवा. मशीन देणाऱ्याकडून पाण्याचा ताळेबंद लिहून घ्या, तो दिल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका.

मग गाळ. 'गाळ योग्य ठिकाणी टाकला जाईल' हे वाक्य लिहून अर्ज पुढे जात नाही, आणि जाऊही नये. निवळण टाक्या किती, त्या आलटून-पालटून रिकाम्या कशा करणार, फिल्टर प्रेस (गाळ दाबून पाणी काढणारं यंत्र) असेल तर त्याची घट्ट वडी कुठे रचणार, हे नकाशावर दाखवा. खाणीच्या संपलेल्या भागात भरायचा असेल तर मंजूर खाण आराखड्यात तशी तरतूद हवी. टाक्या खाणपट्ट्याच्या हद्दीलगतच्या ७.५ मीटरच्या सुरक्षा पट्ट्यात काढू नका, तो मोकळाच ठेवायचा असतो. पहिल्या मोठ्या पावसात टाकी भरून ओढ्याला लागली की खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीत राखाडी पाणी उतरतं. त्याची तक्रार रास्तच असते आणि तिच्यावर प्लांट बंद होऊ शकतो.

मुदतीचा गैरसमज तर फारच महागात पडतो. चार महिन्यांत उत्तर आलं नाही तर संमती मिळाली असं धरतात, हे कायद्यात आहे. पण ते चार महिने सर्व बाबतींत परिपूर्ण अर्जापासून मोजायचे. त्रुटीचा शेरा पडला असेल तर पावतीच्या तारखेवर विसंबून प्लांट सुरू करू नका. माझा राग त्रुटी काढण्यावर नाही, त्या एकेक करून काढण्यावर आहे. पाचही त्रुटी पहिल्याच पत्रात कळवल्या तर माणसाचे हेलपाटे वाचतील. ते आपल्या हातात नाही, म्हणून त्रुटीचं पत्र आलं की त्याच आठवड्यात उत्तर भरा.

बांधकाम झाल्यावर संचालन संमतीचा वेगळा अर्ज. ती येईपर्यंत चाचणीच्या नावाखाली माल विकू नका.

स्वामित्वधनाबद्दल, म्हणजे रॉयल्टीबद्दल, एवढंच. २०२५ च्या कृत्रिम वाळू धोरणात ब्रासला ६०० ऐवजी २०० रुपये भरण्याची सवलत आहे. ती आपोआप लागत नाही, जिल्हाधिकारी कार्यालयाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. धुताना निघून गेलेल्या मातीची वजावट मिळेल असं धरून हिशेब मांडू नका. आणि गाडी बाहेर काढताना महाखनिज या सरकारी ऑनलाइन प्रणालीचा वाहतूक पास हवाच. पास ब्रासमध्ये असतो, काटा वजनात बोलतो, आणि ओली वाळू जड भरते. रात्रभर निथळलेला माल सकाळी भरा.