वाचता न येणारे पुस्तक वाचण्याजोगे करून घेण्यासाठी : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

बारावीचे, पदवीचे किंवा एमपीएससीचे पुस्तक डोळ्यांनी वाचता येत नसेल, तर ते ऐकण्याजोगे, मोठ्या अक्षरातले किंवा ब्रेलमधले करून घ्यायला भारतात कायद्याची पूर्ण मुभा आहे. त्यासाठी लेखकाची परवानगी लागत नाही आणि प्रकाशकाला मानधनही द्यावे लागत नाही. तरीही कितीतरी मुले भावंडांनी वाचून दाखवलेल्या नोट्सवर परीक्षा देतात, कारण ही वाट त्यांना कोणी दाखवलेलीच नसते. म्हणून सगळी प्रक्रिया सुरुवातीपासून देत आहे.

कायदा काय म्हणतो

२०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ५२(१)(झेडबी) आले. दिव्यांग व्यक्तीला वाचता यावे म्हणून कोणीही पुस्तकाचे रूप बदलू शकतो आणि ती प्रत वैयक्तिक वापर, शिक्षण किंवा संशोधनासाठी त्या व्यक्तीला देऊ शकतो. ‘कोणीही’ म्हणजे आईवडील, शिक्षक, वर्गमित्र, सगळेच. संस्थांनाही हे काम करता येते, पण त्यातून नफा कमवायचा नाही. तयार करण्याचा खर्च तेवढा घेता येतो, आणि प्रत बाजारात फिरणार नाही याची काळजी घ्यावी लागते. या कलमात ४० टक्के दिव्यांगत्वाची अट लिहिलेली नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवा.

पुढे २०१३ मध्ये अशा वाचकांसाठीच्या पुस्तकांबाबत माराकेश हा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत होता. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांत करार कोणाला धरतो, ते पालकांनी नीट वाचावे : अंध आणि अल्पदृष्टी व्यक्ती, डिस्लेक्सियासारखी वाचनातली अडचण असलेल्या व्यक्ती, आणि हातांनी पुस्तक धरता किंवा पाने उलटता येत नाहीत अशा व्यक्ती. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची नजर उत्तम असली तरी पुस्तक हातात टिकत नसेल, तर तोही यात येतो. या तिसऱ्या गटातली मुले सर्रास राहून जातात.

आधी प्रमाणपत्र

पुढच्या प्रत्येक अर्जाला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) लागेल. त्यासाठीचा अर्ज स्वावलंबन कार्ड पोर्टलवर ऑनलाइन करायचा. आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचा फोटो, सही किंवा अंगठ्याचा ठसा आणि चालू मोबाइल नंबर एवढे हाताशी ठेवा. अर्जात रुग्णालय निवडावे लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी ते बहुधा जिल्हा रुग्णालय असते. तपासणीला जाताना जुने केसपेपर आणि चष्म्याचे नंबर न्या. आधीचे कागदी प्रमाणपत्र असेल तर तेही जोडा. आधारवरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव एकच आहे ना, हे अर्जाआधी बघून घ्या. ‘सविता’ आणि ‘सवीता’ एवढ्या फरकानेसुद्धा पुढे काम अडते.

डिस्लेक्सियाचे, म्हणजे विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे, प्रमाणपत्र मुलाला आठ वर्षे पूर्ण झाल्यावर मिळते. १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा मूल्यमापन होते. दहावीच्या वर्षी धावपळ करण्यापेक्षा हे वेळापत्रक आधीच वहीत लिहून ठेवा.

सुगम्य पुस्तकालयात नोंदणी

ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्राच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाने डेझी फोरम ऑफ इंडिया या वाचनसुलभ पुस्तके तयार करणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या साथीने ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केले. देशभरच्या सदस्य संस्थांनी रूपांतरित केलेली पुस्तके इथे एका जागी मिळतात, मराठीसुद्धा. छापील मजकूर वाचण्यात अडचण असलेल्या व्यक्तीला थेट नोंदणी करता येते किंवा जवळच्या सदस्य संस्थेमार्फत जाता येते. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र आणि नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड यांचे या क्षेत्रातले काम जुने आहे. फोन-संगणकाची सवय नसेल तर संस्थेमार्फतच जावे असे माझे मत आहे. पुढे पुस्तक उघडले नाही तर विचारायला माणूस लागतो.

अर्जात नाव, जन्मतारीख, दिव्यांगत्वाचा प्रकार, ईमेल आणि मोबाइल भरून प्रमाणपत्राची प्रत जोडायची. फोटो काढून जोडणार असाल तर चारही कडा आणि शिक्का स्पष्ट दिसू द्या. कागदपत्रे तपासून खाते चालू झाले की पुस्तके उतरवून घेता येतात.

पुस्तक कोणत्या रूपात घ्यायचे ते वाचणाऱ्याच्या सवयीवर ठरते. डेझी आणि एपब या ई-पुस्तकांच्या प्रकारांत एका प्रकरणावरून दुसऱ्यावर, मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारता येते, त्यामुळे अभ्यासाला ही दोन रूपे चांगली. बीआरएफ फाइल ब्रेल डिस्प्ले किंवा ब्रेल प्रिंटरसाठी असते. फोनवर डॉल्फिन ईझीरीडर हे मोफत अॅप घेऊन त्यातूनच सुगम्य पुस्तकालयात लॉग-इन करता येते. मजकूर फोनमधला मराठी आवाज वाचून दाखवतो. संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) आणि ई-पुस्तके वाचण्याचा थोरियम रीडर, दोन्ही मोफत आहेत.

उतरवलेली फाइल वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका आणि पासवर्ड कोणाला देऊ नका. ही सवलत फक्त दिव्यांग वाचकासाठी आहे. फाइल बाहेर फिरली की प्रकाशक बिथरतात आणि पुढच्या मुलाला नकार मिळतो.

शाळेत शिकणारी मुले

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम १७ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व (४० टक्के किंवा अधिक) असलेल्या विद्यार्थ्याला १८ वर्षांपर्यंत पुस्तके, इतर अध्ययन साहित्य आणि सहायक उपकरणे मोफत मिळायला हवीत. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे लेखी द्या, प्रमाणपत्राची प्रत जोडा आणि पोच घ्या. यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीत मुलाची दिव्यांग विद्यार्थी म्हणून नोंद आहे का, हे तिथेच विचारा. पुढची मागणी शाळा गट साधन केंद्राकडे पाठवते. तिथल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना स्वतः जाऊन भेटा. अर्जात नुसते ‘पुस्तके मिळावीत’ असे लिहू नका. इयत्ता, माध्यम, विषय आणि हवे ते रूप (मोठा टाइप, ब्रेल, ऑडिओ) स्पष्ट लिहा.

पुस्तक कुठेच मिळाले नाही तर

मराठीत ही वेळ बऱ्याचदा येते, विशेषतः विद्यापीठाच्या संदर्भग्रंथांबाबत. अशा वेळी दोन गोष्टी एकदमच करा. सदस्य संस्थेकडे रूपांतराची मागणी नोंदवा : पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती आणि परीक्षेची तारीख कळवा, आणि पुस्तकाची प्रत देण्याची तयारी ठेवा. त्याच दिवशी प्रकाशकाला पत्र लिहा. मजकूर साधारण असा असावा :

“मी बी.ए. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी असून पूर्णतः अंध आहे. आपण प्रकाशित केलेले अमुक पुस्तक मी विकत घेतले आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडबी) नुसार ते माझ्यासाठी वाचनसुलभ रूपात आणता येते. या पुस्तकाची युनिकोडमधील वर्ड किंवा एपब फाइल मिळाल्यास माझे काही महिने वाचतील. फाइल केवळ माझ्या अभ्यासासाठी वापरली जाईल. सोबत प्रमाणपत्राची आणि खरेदीच्या पावतीची प्रत जोडली आहे.”

फाइल देण्याची सक्ती या कलमाने प्रकाशकावर केलेली नाही. त्यांनी नाही म्हटले तरी रूपांतर करण्याची तुमची मुभा कायम राहते. हे माहीत असले की पत्रात विनवणीचा सूर आणावा लागत नाही.

‘युनिकोड’ म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याची सगळीकडे चालणारी पद्धत. हा शब्द पत्रात का हवा, ते सांगतो. मराठीतल्या असंख्य पुस्तकांची जुळणी जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये झालेली आहे. त्यांची पीडीएफ डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसते, पण आत साठवलेली अक्षरे वेगळीच असल्याने स्क्रीन रीडर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे बडबडतो. तपासणे सोपे आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. मराठी उमटले तर उत्तम. अगम्य चिन्हे आली तर फॉन्ट जुना, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल. ओळ निवडताच आली नाही तर ते पानाचे नुसते छायाचित्र आहे, त्याला ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर बनवणे) लागेल. गुगल ड्राइव्हमधून मराठी ओसीआर होते, पण ते शेवटचे समजू नका. रफार गळतो, अनुस्वार उडतो, ‘घ’चा ‘ध’ होतो, तक्त्यातले आकडे ओळी बदलतात. डोळस माणसाने मूळ पान समोर ठेवून एकदा तरी वाचून घ्यावे. आकृती असेल तिथे दोन-तीन वाक्यांत वर्णन लिहावे. वर्डमध्ये मथळ्यांना हेडिंग स्टाइल द्यावी. नुसते ठळक करून स्क्रीन रीडरला मथळा कळत नाही. मग डेझी कन्सोर्शियमच्या मोफत वर्डटूएपबमधून एपब तयार होते.

ग्रंथालये आणि महाविद्यालयांना

कलम ५२(१)(झेडबी) मधल्या ‘संस्था’ या व्याख्येत प्राप्तिकर कायद्याच्या कलम १२ए खाली नोंदलेल्या, दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत, आणि सरकारमान्य शैक्षणिक संस्था व ग्रंथालयेही आहेत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली वाचनालये महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्यात आहेत. त्यांना हे काम आजही सुरू करता येईल. एक स्कॅनर, एक संगणक आणि मजकूर तपासणारे चार वाचक पुरेसे आहेत. कागदपत्रे म्हणून मान्यतेच्या पत्राची प्रत, कार्यकारिणीचा ठराव, प्रत्येक वाचकाच्या प्रमाणपत्राची प्रत आणि कोणते पुस्तक कोणाला दिले याची नोंदवही ठेवावी. सुरुवात आपल्याच सभासदांपासून करा : घरातल्या कोणाची नजर अधू झाली आहे, कोणाचे मूल वाचताना अडखळते, हे देवघेवीच्या खिडकीवर बसणाऱ्याला आधीच ठाऊक असते.