दादागिरीच्या मानसिक परिणामांची संगणकीय प्रतिमाने

वारंवार छळ सोसणाऱ्या व्यक्तीची भीती, अपेक्षा आणि स्वतःविषयीचे मत काळानुसार कसे बदलते, हे समीकरणांत मांडून संगणकावर पडताळण्याची पद्धती. तिला सामावून घेणारे संगणकीय मनोविकारशास्त्र (मनोविकारांचा गणिती प्रतिमानांद्वारे अभ्यास) साधारणपणे २०१० नंतर नावारूपास आले. मूळ गणित बरेच जुने आहे.

दादागिरीची व्याख्या बहुधा मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांना अनुसरून करतात : हेतुपूर्वक त्रास, पुनरावृत्ती व बलविषमता. प्रतिमानात, म्हणजे अशा समीकरणांच्या संचात, पुनरावृत्तीमुळे शिकण्याच्या फेऱ्या ठरतात, तर बलविषमतेमुळे प्रतिकार यशस्वी होण्याची संभाव्यता घटते.

रेस्कोर्ला–वॅग्नर नियमानुसार (१९७२) प्रत्यक्ष व अपेक्षित यांतील फरकाच्या ठरावीक अंशाने अपेक्षा बदलते. हा अंश ०.२ धरल्यास छळाची अपेक्षा शून्यापासून पहिल्या प्रसंगी ०.२०, दुसऱ्या प्रसंगी ०.३६ व पाचव्या प्रसंगी सुमारे ०.६७ होते. छळ थांबल्यावर ती याच रीतीने उतरायला हवी. पण पीडित मूल इतरांमध्ये मिसळणेच टाळू लागले, तर सुरक्षिततेचा अनुभव त्याला मिळत नाही आणि आकडा चढलेलाच राहतो.

खरा वाद असहायतेविषयी आहे. मानसशास्त्रज्ञ सेलिगमन व मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांवरून असहायता शिकली जाते, असे मांडले. त्यानुसार नियंत्रणाच्या विश्वासाचे आरंभमूल्य उच्च असते व अपयशागणिक घटते. २०१६ मध्ये त्याच दोघांनी हे मत उलटवले : दीर्घ त्रासात निष्क्रियता ही मेंदूची उपजत प्रतिक्रिया असून शिकले जाते ते नियंत्रण, अग्रललाट बाह्यकाचा (कपाळामागील मेंदूच्या पृष्ठभागाचा) मध्यभाग ती प्रतिक्रिया दाबतो. ह्यूस व डायन यांनी त्यापूर्वीच, २००९ मध्ये, नियंत्रणक्षमतेविषयीचा आधीचा अंदाज बेझीय संभाव्यतेत (नव्या अनुभवागणिक अंदाज सुधारण्याच्या गणितात) बसवला होता. मज्जाशास्त्रीय पुराव्यामुळे नंतरचे मत अधिक ग्राह्य वाटते. ते स्वीकारल्यास केवळ छळ थांबवून भागत नाही. आपल्या कृतीने काही बदलते, हा अनुभव पीडिताला मिळावा लागतो. शाळांच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा आहे.

यान ट्रॉयर यांच्या कालिक-कारक जालप्रतिमानांत (कार्यकारण दुव्यांचे जाळे काळानुसार कसे बदलते हे दाखवणाऱ्या प्रतिमानांत) भावना, विचार व कृती या जोडलेल्या अवस्था असतात. सोबत जागृत होणाऱ्या अवस्थांतील दुवा मानसशास्त्रज्ञ हेब यांच्या तत्त्वानुसार (१९४९) बळकट होतो.

ब्रिटनमधील १९५८ च्या जन्मगटात (त्या वर्षी जन्मलेल्यांच्या दीर्घकालीन अभ्यासात) ७ व ११ व्या वर्षी छळ झालेल्यांत नैराश्याचा वाढीव धोका पन्नाशीतही आढळला. मात्र वर्षांच्या अंतराने घेतलेल्या नोंदींशी भिन्न प्रतिमाने सारखीच जुळू शकतात. शिकण्याचा वेग व आरंभीचा विश्वास यांचा वाटा वेगळा काढण्यास प्रसंगागणिक मोजमाप लागते.