टिश्यू एक्स्पान्शन: गुंतागुंत ‘मोठी’ की ‘किरकोळ’, हे ठरवायचं कोणी?

टिश्यू एक्स्पान्शन म्हणजे कातडीखाली फुगा ठेवून तो हळूहळू भरत ती ताणून घ्यायची आणि वाढलेल्या कातडीनं शेजारचा बिघडलेला भाग झाकायचा. याचा पहिला प्रयोग १९५७ साली अमेरिकेत छापून आला. कान गमावलेल्या एका रुग्णाच्या कानामागे रबरी फुगा ठेवला होता. त्याची नळी कातडीबाहेर काढलेली होती आणि तिच्यातून हवा भरली जायची. पुढची जवळपास वीस वर्षं त्याकडे कोणी फारसं वळून पाहिलं नाही. १९७६च्या सुमारास सिलिकोनची पिशवी आली, तिचा व्हॉल्व्हही कातडीखालीच राहणारा. १९८२ साली स्तन काढलेल्या स्त्रियांवरचा अनुभव प्रसिद्ध झाला आणि पद्धत झपाट्यानं पसरली. पाठोपाठ डुकरांवरच्या प्रयोगांत ताणलेल्या कातडीचा फ्लॅप (एका बाजूनं जोडलेला ठेवून सरकवलेला तुकडा) जास्त लांबीपर्यंत जगतो असं दिसलं, त्यामुळे सर्जनांचा धीर आणखी चेपला.

उत्साहाचा ज्वर लवकरच उतरू लागला. फुगे उघडे पडत होते, गळत होते, आत जंतुसंसर्ग होत होता. १९८४ साली एका अमेरिकी गटानं आपल्या अनुभवाचा हिशेब मांडला आणि गुंतागुंतीची ‘मोठी’ आणि ‘किरकोळ’ अशी विभागणी रूढ झाली. आजही बहुतेक लेखांत तीच, किंवा तिची भावंडं, दिसतात. ढोबळ तत्त्व असं: ठरलेली पुनर्रचना फसली किंवा फुगा वेळेआधी काढावा लागला, तर मोठी; वेदना, थोडा पाण्याचा साठा, रुंद झालेला व्रण, टाक्यांच्या टोकाला चोचीसारखी उचललेली राहिलेली कातडी, हे किरकोळ.

वरवर पाहता यात खटकण्यासारखं काही नाही. पण समजा, टाळूवरचा फुगा दहाव्या आठवड्यात कोपऱ्यातून डोकावू लागला. सर्जननं दोनच दिवसांत दुसरी शस्त्रक्रिया उरकली आणि मिळालेल्या कातडीत भाजल्याचा टक्कल पडलेला भाग झाकला गेला. हे यश की अपयश? काही लेखक याला किरकोळ धरतात, कारण काम झालं. काही मोठी धरतात, कारण फुगा उघडा पडला. बरं, टक्केवारी रुग्णांवर काढायची की फुग्यांवर? वीस रुग्णांत चाळीस फुगे बसवले आणि आठ जणांचा एकेक बिघडला, तर एका हिशेबानं प्रमाण ४० टक्के, दुसऱ्यानं २०. दोन्ही आकडे खरेच. तरीही दोन लेखांतले असे आकडे शेजारी ठेवून तुलना केली जाते, हे जरा अतीच म्हणायचं.

माझ्या मते या वर्गवारीतली खरी अडचण अशी, की ती सर्जनच्या बाजूनं केलेली आहे. मानेवर किंवा डोक्यावर फुगत जाणारं टेंगूळ घेऊन कित्येक आठवडे काढायचे, दर आठवड्याला बारीक सुईनं सलाइन भरून घ्यायचं, लहान मूल असेल तर शाळा बुडवायची, हे या तक्त्यात कुठंच येत नाही. कातडी चकचकीत होऊन पांढरी पडली, बोटानं दाबून सोडल्यावर रंग परतेना, की थोडं सलाइन परत ओढून घ्यायचं, इतकी जोखीम प्रत्येक भेटीत असते. हे काम बऱ्याचदा सर्जनच्या हाताखालच्या माणसाकडे असतं. अर्धवट भरलेल्या फुग्याला घडी पडली तर तिचं टोक आतून कातडी कुरतडतं. ते वेळेत लक्षात आलं नाही, तर पुढची नोंद कोणत्या रकान्यात गेली यानं रुग्णाला काय फरक पडतो?

जागेचा मुद्दा त्या मानानं लवकर मिटला. टाळूवर निकाल चांगले, हातापायांवर, विशेषतः गुडघ्याखाली, धोका जास्त, यावर फारसं दुमत राहिलं नाही. आपल्याकडे भाजल्याचे व्रण हेच मोठं कारण असल्यानं आधीच घट्ट, व्रणाळलेल्या कातडीलगत काम करावं लागतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत चर्चेचा झोत मात्र स्तनांच्या पुनर्रचनेकडे गेला. फुगा आत असताना किंवा नंतर रेडिएशन द्यावं लागलं की जंतुसंसर्ग वाढतो आणि शरीरानं त्याच्याभोवती तयार केलेलं आवरण आवळतं. फुगा स्नायूखाली ठेवायचा की थेट कातडीखाली, हा मागे पडलेला वाद पुन्हा सुरू झाला. चुंबक असलेल्या पोर्टमुळे (सलाइन भरायच्या तोंडामुळे) एमआरआय करता येत नाही, अशी नवी पंचाईतही आली. २०१९ साली तर खरबरीत पृष्ठभागाच्या एका प्रकारच्या इम्प्लान्टसोबत (कायमच्या कृत्रिम स्तनासोबत) त्याच पृष्ठभागाचे एक्स्पान्डर, म्हणजे हे फुगेही, अमेरिकी नियामकाच्या सांगण्यावरून बाजारातून परत घेण्यात आले. कारण होतं लिम्फोमा या कर्करोगाचा एक दुर्मीळ प्रकार, जो बहुधा शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी दिसतो. बहुतेक जुन्या लेखांतली नोंद फुगा काढल्यावर काही महिन्यांतच थांबते, त्यामुळे अशा गुंतागुंतीचा त्यांत पत्ताच लागत नाही.