इंजिनाच्या बोल्टांचा टॉर्क

इंजिनाचे भाग जोडताना प्रत्येक बोल्ट ठरवून दिलेल्या पिळानेच आवळण्याची पद्धत. पीळ म्हणजे टॉर्क. पाठ्यपुस्तकात त्याला बलाघूर्ण म्हणतात. पान्याच्या टोकाला लावलेला जोर आणि बोल्टच्या मध्यापासून त्या टोकाचे अंतर यांचा तो गुणाकार असतो. २० सेंटिमीटर लांब पान्यावर २५ किलोचा जोर दिला, तर ५ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ४९ न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. त्याच पान्यात पाइप घालून लांबी एक मीटर केली, की तेवढ्याच जोरात २४५ न्यूटन-मीटर होतात. १० मिलिमीटर जाडीचा ८.८ ग्रेडचा बोल्ट त्याच्या कितीतरी आधी तुटतो. "पाइप लावून कसला आहे, आता हलत नाही" हे वाक्य गॅरेजात अभिमानाने उच्चारले जाते. इंजिनाच्या बाबतीत ते धोक्याचे आहे.

टॉर्क हे साधन आहे. इंजिनाला प्रत्यक्षात हवा असतो तो बोल्टमधला ताण. मराठवाड्यात ज्यांनी लोहाराला बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिले आहे, त्यांना हा फरक लगेच कळेल. लोखंडी धाव लाकडी चाकापेक्षा किंचित लहान ठेवतात, गोवऱ्यांच्या जाळात लालभडक तापवून फुगवतात, चाकावर बसवतात आणि पाणी ओततात. धाव आकसू पाहते, लाकूड तिला आकसू देत नाही; धावेत ताण राहतो आणि आरे, पुठ्ठे, तुंबा एकमेकांत घट्ट दाबले जातात. खिळा एकही नसतो. बोल्टही हेच करतो, फक्त आचेऐवजी आट्यांच्या पिळाने. डोके टेकल्यावर पुढे फिरवत गेले की बोल्ट लांबतो, रबरासारखा परत आखूड व्हायला बघतो आणि त्या ओढीने दोन भाग आवळून धरतो. १०० मिलिमीटर लांब, १० मिलिमीटर जाड बोल्टमध्ये ३ टनांचा ताण आणला, तर तो पाव मिलिमीटरच्या आसपास लांबतो. वहीची दोन-तीन पाने एकावर एक ठेवावीत एवढीच ही वाढ, पण सिलिंडर हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, तिच्याच आधारावर बसलेले असते.

हेडवर येणारा भार किती, हे पाहिले की आकड्यांचे महत्त्व पटते. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर आणि जळताना आतला दाब ६० बार धरला, तर पेट्रोल इंजिनात हेड वर उचलणारे बल सुमारे ३ टन होते. टर्बो डिझेलमध्ये दाब १५० बारच्या घरात जातो, म्हणजे साडेसात टन. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर चालणाऱ्या चार स्ट्रोकच्या इंजिनात हा धक्का एकेका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा बसतो. बोल्टांचा एकत्रित ताण या बलापेक्षा भरपूर जास्त असेल, तर हेड आणि त्याखालचा ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारा पातळ थर, सतत दाबलेले राहते आणि बोल्टला प्रत्येक धक्क्याचा अगदी लहान वाटा सोसावा लागतो. ताण कमी पडला, की तोच बोल्ट प्रत्येक धक्क्याला पूर्ण ताणला-सुटला जातो आणि थकून तुटतो. ढिला बोल्ट नुसता ढिला राहत नाही, तो तुटण्याच्या वाटेला लागतो. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बोल्टच्या बाबतीत तर हे इंजिनाच्या जिवावर बेतते, कारण तो तुटला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

ताण थेट मोजणे गॅरेजात शक्य नसते, म्हणून त्याच्या जागी टॉर्क मोजतात. अडचण इथेच सुरू होते. पान्यावर लावलेल्या कष्टांपैकी साधारण निम्मे बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात खर्च होतात, आणखी ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात जातात. बोल्ट ताणायला उरतात ते सुमारे १० टक्के. घर्षण थोडे बदलले, तरी ताण पुष्कळ बदलतो. १० मिलिमीटरचा बोल्ट ५० न्यूटन-मीटरला आवळला, तर आटे कोरडे व स्वच्छ असताना अंदाजे अडीच टन ताण येतो. आट्यांना इंजिन ऑइल लावलेले असेल तर सव्वातीन टनांच्या वर. गंजलेल्या, माती बसलेल्या आट्यांत जेमतेम पावणेदोन. पाना तिन्ही वेळा एकच आकडा दाखवतो. म्हणून निर्मात्याच्या पुस्तिकेत आकड्याजवळ "ऑइल लावून" किंवा "कोरडे" असे लिहिलेले असते आणि ते आकड्याइतकेच महत्त्वाचे असते. चांगले व्हावे म्हणून स्वतःच्या मनाने आट्यांना ग्रीस चोपडणारा माणूस नकळत बोल्ट जास्त ताणतो. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात काळ्या रानाची बारीक धूळ सगळीकडे बसते. उघड्यावर इंजिन बांधताना ती आट्यांत आणि वायसरखाली जाते. टॉर्क रेंच, म्हणजे टॉर्क मोजणारा पाना, कितीही महाग असला तरी या धुळीवर त्याच्याकडे इलाज नाही. आटे वायर ब्रशने, थिनरने स्वच्छ करणे आणि ब्लॉकमधली छिद्रे हवेने फुंकून कोरडी करणे, हा टॉर्क लावण्याच्या कामाचाच पहिला भाग आहे. छिद्राचा तळ बंद असेल आणि त्यात ऑइल किंवा पाणी साचलेले असेल, तर बोल्ट आत जाताना ते द्रव दाबले जाऊन ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

बोल्टची ताकद त्याच्या डोक्यावर आकड्यांत कोरलेली असते. ८.८ याचा अर्थ तुटण्याची ताकद चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन आणि कायमचे लांबायला सुरुवात होण्याची मर्यादा तिच्या ८० टक्के, म्हणजे ६४०. १०.९ मध्ये हेच आकडे १००० आणि ९०० आहेत, १२.९ मध्ये १२०० आणि १०८०. तुलनेसाठी जालन्याचे उदाहरण घ्यावे. तिथल्या पोलाद कारखान्यांतून बांधकामाला जाणाऱ्या एफई ५०० सळईची हीच मर्यादा किमान ५०० असते. १०.९ चा हेड बोल्ट त्याहून जवळजवळ दुप्पट सोसतो. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारा ४.८ चा बोल्ट ३२० ला हार मानतो. तो हेडमध्ये बरोबर बसतो, आटेही जुळतात, आणि पहिल्या काही दिवसांत काही बिघडतही नाही. पण १०.९ च्या जागी बसवलेल्या या बोल्टला पुस्तिकेतला टॉर्क दिला तर तो लांबून मऊ पडतो, आणि कमी दिला तर गॅस्केट धरले जात नाही. "दिसायला सारखाच आहे" म्हणून बोल्ट बदलणे, ही चूक टॉर्कच्या कोणत्याही चुकीपेक्षा मोठी मानावी.

आवळण्याचा क्रमही ठरलेला असतो. हेडचे बोल्ट मधून बाहेर, गोगलगाईच्या शंखासारख्या वेढ्यात आवळत जातात आणि एकदम पूर्ण टॉर्क न देता दोन-तीन टप्प्यांत देतात. टोकापासून सुरुवात केली, तर मधला भाग फुगीर राहतो. घडी घातलेली सतरंजी कडेकडेने दाबत गेल्यावर मध्ये फुगा राहतो तसा. खोलताना क्रम उलटा, बाहेरून आत. गरम इंजिनाचे हेड खोलू नये, विशेषतः हेड ॲल्युमिनियमचे असेल तर. ॲल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, आणि गरम असताना ताण सुटला तर ते वाकडे होऊन बसते.

घर्षणाच्या गोंधळावर उपाय म्हणून पुष्कळ नव्या इंजिनांत टॉर्क आणि कोन यांची जोड वापरतात. आधी थोडा टॉर्क, उदाहरणार्थ ३० न्यूटन-मीटर, म्हणजे सगळे भाग नीट टेकतात. मग बोल्ट ९० अंश, आणि पुन्हा ९० अंश फिरवायचा. आट्यांचा टप्पा, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, दीड मिलिमीटर असेल, तर पाव फेरीत बोल्ट ०.३७५ मिलिमीटरने पुढे सरकतो. ही आट्यांची भूमिती आहे. ऑइल कमी-जास्त झाले म्हणून ती बदलत नाही. असे बोल्ट बहुधा मर्यादेपर्यंत किंवा तिच्या किंचित पुढे ताणलेले असतात, त्यामुळे काही इंजिनांत ते एकदाच वापरायचे असतात. पुस्तिकेत तसे लिहिले असेल, तर जुना बोल्ट कितीही चकचकीत दिसला तरी परत बसवू नये. इथे गिऱ्हाइकाचे पाचशे-हजार वाचवायला जाणारा मिस्त्री त्याचेच नुकसान करतो.

लहान बोल्ट जास्त वेळा बिघडतात, कारण त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही. झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या कॅपचे ६ मिलिमीटरचे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरलाच पूर्ण होतात. एवढे बल मनगटाने सहज लागते. लांब हँडलच्या गोटी पान्याने ते आवळले, की ॲल्युमिनियममधले आटे भुग्यासारखे निघून येतात. मग छिद्र मोठे करून पोलादी वळ्याचे नवे आटे बसवावे लागतात. स्पार्क प्लग आणि ऑइल काढण्याचा बोल्ट यांचीही हीच गत.

टॉर्क रेंच तीन-चार प्रकारचे मिळतात. आकड्यावर आल्यावर खटका देणारा सर्वांत प्रचलित. दांडीला काटा असलेला जुना प्रकार दिसायला साधा असला तरी त्यात बिघडण्यासारखे फार नसते, आणि काटा सरळ शून्यावर आहे की नाही ते नजरेनेच कळते. लहान गॅरेजला तो आजही चांगला. खटक्याचा रेंच एका संथ ओढीत वापरावा. झटका देऊ नये, खटका ऐकल्यावर खात्रीसाठी पुन्हा ओढू नये, आणि आवळताना मध्येच थांबू नये, कारण थांबलेला बोल्ट परत हलवायला जास्त बल लागते आणि खटका आधीच होतो. काम झाल्यावर आतली स्प्रिंग सैल पडावी म्हणून तो सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवतात. बोल्ट सोडवायला तो कधीच वापरू नये. गोटीवर उभा जोड घातल्याने आकडा बदलत नाही, पण रेंचच्या पुढे सरळ रेषेत तोंड वाढवले तर बदलतो. ४० सेंटिमीटरच्या रेंचला ५ सेंटिमीटरचे तोंड जोडून ९० न्यूटन-मीटर द्यायचे असतील, तर रेंच ८० वर लावावा लागतो. एककांची गल्लत हीही नेहमीची. जुन्या पुस्तिकांत किलोग्रॅम-मीटर असते, काही रेंचवर फूट-पाउंड. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर, १ फूट-पाउंड म्हणजे १.३६. फूट-पाउंडच्या पट्टीवर न्यूटन-मीटरचा आकडा लावला, की बोल्टला एक तृतीयांशाहून जास्त टॉर्क बसतो.

मराठवाड्यात या विषयाची दोन टोके एकाच जिल्ह्यात दिसतात. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, शेंद्र्यात स्कोडाच्या मोटारी २००१ पासून जुळू लागल्या, आणि त्यांच्या भोवती सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचे जाळे उभे राहिले. आधुनिक असेंब्ली लाइनवर महत्त्वाचे बोल्ट विजेवर चालणारी यंत्रे आवळतात, टॉर्क व कोन दोन्ही मोजतात आणि त्यांची नोंद ठेवतात. तिथून तासाभराच्या अंतरावर, फाट्यावरच्या गॅरेजात उस्तादाचा हात हेच मोजमाप असते. या हाताची थट्टा करू नये. हजारो बोल्ट आवळलेल्या माणसाला पीळ कुठे वाढायचा थांबला, म्हणजे बोल्ट कुठे लांबायला लागला, हे खरोखर जाणवते. मात्र दहा बोल्टांवर सकाळी आणि संध्याकाळी, थकलेल्या आणि ताज्या हाताने सारखाच ताण आणणे कोणत्याही हाताला जमत नाही, आणि हेडला नेमका सारखेपणाच हवा असतो.

या भागात हेड खोलण्याची वेळ वारंवार येण्यामागे पाणी हे एक मोठे कारण आहे. उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे जातो, कूलंटऐवजी रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी ओतले जाते, आतून क्षार धरतात, आणि माणसांनी खचाखच भरलेली काळीपिवळी घाटात गरम होते. तापलेले हेड वाकते, गॅस्केट फुटते, पाणी मिसळून ऑइल दुधाच्या चहासारखे दिसू लागते. नवे गॅस्केट टाकून, पूर्ण टॉर्क देऊनही गाडी महिनाभरात परत येते ती बहुधा वाकलेल्या हेडमुळे. सरळ पट्टी आणि फट मोजणारे फिलर गेज लावून ते तपासावे. पुष्कळ पुस्तिकांत ०.०५ ते ०.१ मिलिमीटर एवढाच वाकडेपणा चालतो. त्याहून जास्त असेल तर हेड घासून सपाट करून घ्यावे. वाकडे हेड टॉर्कने सरळ होत नाही. जुन्या प्रकारच्या गॅस्केटला इंजिन एकदा तापून थंड झाल्यावर पुन्हा टॉर्क द्यावा लागे. पोलादी पत्र्यांच्या थरांच्या नव्या गॅस्केटला सहसा लागत नाही, तरी पुस्तिका पाहावी.

रेंचची अचूकताही तपासून घ्यावी लागते. आयएसओ ६७८९ या मानकानुसार खटक्याच्या रेंचला, १० न्यूटन-मीटरच्या वरच्या क्षमतेत, ४ टक्के कमी-जास्त चालते, आणि वर्षाने किंवा ५००० खटक्यांनी त्याची तपासणी व्हावी अशी अपेक्षा आहे. खाली पडलेला रेंच मात्र वर्ष होण्याची वाट न पाहता तपासावा.

आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या पेंटची रेघ ओढण्याची रीत कारखान्यांत आहे, आणि वाळूजमध्ये काम करून गावी परतलेल्या काही पोरांनी ती आपल्या गॅरेजात आणली आहे. रेघ बोल्टच्या डोक्यावरून हेडवर उतरलेली असते. मध्येच चहाला किंवा फोनला उठलेल्या मिस्त्रीला कोणता बोल्ट राहिला ते एका नजरेत दिसते. सहा महिन्यांनी बॉनेट उघडल्यावर रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर बोल्ट फिरला आहे.