तारीख उलटली म्हणून बाटलीतलं पाणी विषारी होत नाही

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी कोल्हापुरात शिरलं, आणि नळ मात्र कोरडे पडले. म्हणून पावसाळ्याआधी बाटल्यांचे बॉक्स भरून ठेवणं योग्यच. पण तारीख उलटली की ‘पाणी विषारी झालं’ म्हणत ते ओतून देऊ नका! सीलबंद पाणी दुधासारखं नासत नाही. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे तोवर चव आणि दर्जा टिकेल, ही कंपनीची हमी.

खरा प्रश्न बाटलीचा. प्लास्टिकमधून बाहेरचे वास आत झिरपतात. उष्णतेने प्लास्टिकमधल्या अँटिमनी या धातुसदृश मूलद्रव्याचा सूक्ष्म अंश पाण्यात उतरतो. त्यामुळे बॉक्स गच्चीवर, रॉकेल-फिनेलशेजारी नकोच. सील तुटलेली किंवा पुराच्या पाण्यात बुडालेली बाटली मात्र पिऊ नका, तारीख कितीही ताजी असो.